माझ्या हातचं गुंडाळणं

नंदाबाईला स्वप्न पडलं तेव्हा तिला सातवा महिना होता, आणि ते स्वप्न ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नंदाबाई म्हणजे माझ्या पाठच्या भावाची, रामकिसनची बायको. एक शब्द बोलायचा तर आधी चार वेळा आवंढा गिळणारी. त्या दिवशी मात्र तुरीची डाळ निवडता निवडता तिनं मान वर केली आणि एका दमात बोलून टाकलं.

"आक्का, पहाटं सटवाई आल्ती सपनात. म्हणली, ह्या खेपेला सोनूबाईचं लुगडं मागून आण. त्याचंच बाळुतं कर. आन् गुंडाळायचं बी सोनूबाईच्याच हातानं. दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नको."

"दुसऱ्या कुणाचा म्हंजे कुणाचा?"

"तिनं नाव न्हाई घेतलं," ती म्हणाली आणि परत ताटात बघायला लागली.

नाव घ्यायला दुसरं होतंच कोण? आमची आई जाऊन दहा वर्षं झालेली. नंदाबाईला माहेरी ना आई, ना भावजय, त्यामुळं पहिलटकरीण असतानासुद्धा तिचं बाळंतपण सासरीच झालं. माझं सासर त्याच गावात, दोन गल्ल्या टाकून. बदनापूरच्या ठेसनापासून कोसभर आत आमचं गाव. भावाच्या घरी बाळंतपण आलं की मी सकाळी जायची ती दिवेलागणीला परतायची. शेक, शेगडी, काढा, धुरी, सगळं माझ्या हुकमानं चालायचं. बाळाला न्हाऊ घालायला साळूबाई सुईण यायची, पण न्हाणं झालं की तीसुद्धा बाळ माझ्याच मांडीवर आणून द्यायची. कारण गुंडाळावं तर झुंबरबाईनं, असं सगळं गाव म्हणायचं. निदान मी तरी तसं ऐकलं होतं.

माझी रीत अशी. खाली जुन्या धोतराचं बाळुतं. त्यात बाळाचे हात दोन्ही अंगांना सरळ लावायचे, पाय ओढून एकाला एक जोडायचे. त्यावर गोधडीचा तुकडा. त्यावर चार बोटं रुंदीची पट्टी, खांद्यापासून पावलांपर्यंत गरागरा आवळत न्यायची. बाळ भिंतीला उभं केलं तरी उभं राहावं! शेवटी कापडाचं एक टोक तोंडावरून घ्यायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही आणि वारंही लागत नाही. माझ्या हातचं गुंडाळलेलं बाळ तीन-तीन तास हूं की चूं करत नसे. बायका तोंडात बोटं घालायच्या.

आणि मलाही त्याची चटक होती, खोटं कशाला बोलू? मला दोन पोरं. दोन्ही माझ्या सासूनं न्हाऊ घातली, सासूनं गुंडाळली. मला फक्त पाजायला हाक यायची. तुला काय कळतंय, हे मी त्या घरात इतक्यांदा ऐकलं होतं, की भावाच्या घरी कुणी मला विचारून काही करतंय म्हटल्यावर माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

नंदाबाईची दोन गेली होती. पहिला मुलगा अकराव्या दिवशी, पाठची मुलगी पंधराव्या. दोन्ही जन्मली तेव्हा ठणठणीत होती. दोन्ही सकाळचं न्हाणं होऊन झोपली ती उठलीच नाहीत. सटवाईनं कपाळावर तेवढंच लिहिलं होतं, असं सगळे म्हणाले. मी त्याहून जास्त बोलले. मी नंदाबाईला पांढऱ्या पायाची म्हणाले, तिच्या कुशीतच खोट आहे म्हणाले, आणि हे घरात नाही, पाणवठ्यावर म्हणाले. ह्या खेपेला तर रामकिसनला बाजूला घेऊन सांगून ठेवलं होतं, की हे लेकरू जगलं तर ठीक, नाहीतर जांब समर्थला माझ्या चुलत नणंदेची पोर आहे, लग्नाची, अंगापिंडानं चांगली. तो नाही म्हणाला नाही, एवढं मी बघितलं. नंदाबाई तेव्हा पलीकडं चुलीपुढं होती. तिनं ऐकलं असेल असं मला वाटलं, आणि वाटून काही वाईट वाटलं नाही.

स्वप्नातली अर्धी गोष्ट तशी मला पटण्यासारखीच होती. ज्या घरात मूल जगत नाही त्या घरचं कापड बाळाच्या अंगाला लावायचं नाही, ही आमच्याकडची रीतच आहे. भरल्या घरातल्या बाईपुढं पदर पसरायचा, तिचं जुनेर मागायचं, आणि तिनं ते आपल्या हातानं फाडून द्यायचं. तिच्या लेकरांचं आयुष्य त्या धाग्यांतून येतं म्हणतात. आमच्याच गावातल्या सोनूबाईची तर सातच्या सात पोरं जिवंत होती. देवीची साथ आली तेव्हा गावातली नऊ लेकरं गेली, सोनूबाईच्या पोरांच्या तोंडावर नुसते वण राहिले. जुनेर मागायचं तर तिचंच, हे मीही मनात धरलं होतं. राग आला तो हाताचा. कापड कुणाचं ते बघावं माणसानं. हात कुणाचा ते कशाला?

रामकिसनची तऱ्हा आणखी वेगळी. कापूस घेऊन जालन्याला गेला, तो जुन्या जालन्यातल्या कापडपेठेतून फलालीनचा तुकडा घेऊन आला. गुलाबी, लुसलुशीत.

"आक्का, दुकानदार म्हणला, हैदराबादेत बड्या लोकायची लेकरं ह्याच्यातच गुंडाळतेत. बिलकुल टोचत न्हाई."

एवढा मिशा असलेला बाप्या माणूस, ते कापड गालाला लावून बघत होता. मी म्हटलं, बारशापर्यंत नवं कापड लावत नसतात, ठेव पेटीत. त्याचं तोंड एवढंसं झालं.

मग एके दिवशी दुपारी मी सोनूबाईकडं गेले. तिचं घर म्हणजे पोरांचा बाजार. सगळ्यात धाकटं नागडं, कमरेला करदोडा, दारात बसून माती खात होतं. माझ्या मनात आलं, जिला सांभाळता येत नाहीत तिलाच देव देतो. तरी मी पदर पसरला. जन्मात कधी कुणापुढं पसरला नव्हता, भावासाठी पसरला.

"सोनूबाई, आमच्या नंदाबाईसाठी तुमचं जुनेर द्या."

ती आत गेली आणि एक लुगडं घेऊन आली. मूळचा रंग हिरवा की निळा, देवाला ठाऊक. धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. तिनं ते टरकन फाडलं, चार तुकडे केले आणि माझ्या पदरात टाकले.

"नुसतं फडकं न्हेऊन काय करशील गं झुंबर?" ती म्हणाली. "बाळंत झाली की निरोप धाड. मी रोज येऊन गुंडाळून देईन."

"गुंडाळायला आमी हावोत की."

"तसं न्हाई गं. कापड मऊ असून भागत न्हाई, सैल पायजे. लेकराला हातपाय हालवाय पायजेत."

ज्या बाईचं पोर मागं माती खातंय, ती मला शिकवणार! मी हसले. "तुमची सात वाढली, देवाची किरपा. पण बाळ कसं गुंडाळायचं ते मला नका सांगू."

ती रागावलीसुद्धा नाही. बरं बाई, म्हणाली.

घरी येऊन मी नंदाबाईपुढं तुकडे ठेवले आणि सांगितलं, "लुगडं दिलं. पण तिच्या कंबरेत चमक भरलीय. वाकता येत न्हाई. यायचं जमणार न्हाई म्हणली."

खोटं बोलताना माझी जीभ अडखळली नाही. नंदाबाईचा चेहरा मात्र असा उतरला, की मला वाटलं हिला वेळेआधीच कळा सुरू झाल्या.

"मंग कोण गुंडाळंल?"

"मी हाय की!" मी म्हणाले.

चैत्र सरता सरता मुलगा झाला. निजामाच्या पटवाऱ्याच्या दप्तरात तेव्हा फसली तेराशे त्रेचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चौतीस साल चालू होतं. पोर अंगानं बाळसेदार, आवाज खणखणीत. पहिल्या दिवसापासून त्याच्या अंगाला सोनूबाईचं लुगडं लागलं, आणि त्यावरून माझी गोधडी आणि माझी पट्टी.

चौथ्या दिवशी मी विहिरीवरून आले तर नंदाबाई पट्टी सोडून बसलेली. लेकरू दोन्ही मुठी हवेत नाचवत होतं आणि ही त्याच्याकडं बघत होती.

"हात सुटले की लेकरू दचकतं, एवढं बी कळत न्हाई तुला?" मी ओरडले आणि पुन्हा आवळून बांधलं.

मागच्या मुलीच्या वेळीही ती असंच करायची, चोरून चोरून. तेव्हाच मी एक युक्ती काढली होती. गाठ पुढं मारायचीच नाही, पाठीखाली मारायची, म्हणजे बाळ पालथं केल्याशिवाय ती कुणाच्या हाताला लागत नाही. ह्या वेळीही मी तेच करायला लागले. साळूबाईला ती गाठ मी मोठ्या कौतुकानं शिकवलीसुद्धा होती. तिला फार आवडली.

नवव्या दिवशी ऊन असं तापलं की अंगणात पाय ठरेना, आणि वर वावटळ सुटलेली. बाळाचं न्हाणं झालं, धुरी झाली. सोनूबाईच्या लुगड्यात त्याला घेतलं आणि मला रामकिसनच्या फलालीनची आठवण झाली. बिचारा दोनदा विचारून गेला होता, आक्का, माझं कापड कधी? मी म्हटलं, अंगाला सोनूबाईचं लागलंय, वरून नवं घातलं तर कुठं बिघडतं? गोधडीवर फलालीन दुपदरी घेतलं. पट्टी आवळली. धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडावरून टोक घेतलं आणि नीट खोचलं. शेगडीपासून हातभर अंतरावर निजवलं. लेकरू थोडं कुरकुरलं, मग गप्प झालं. मी मनात म्हटलं, वा!

नंदाबाई शेक घेऊन बाजेवर झोपी गेली होती. मी माझ्या घरी भाकरी टाकायला गेले.

परत आले तर बाळंतिणीच्या खोलीचं दार सताड उघडं. नवव्या दिवशी! वारा सरळ आत घुसत होता. रामकिसनचं गुलाबी फलालीन राखेत पडलेलं, पट्टी विळीवर चिरलेली. आणि उंबऱ्याच्या आत, सारवलेल्या भुईवर, माझा भाचा नागडा पडला होता. निळा. त्याच्यावर सोनूबाई ओणवी झाली होती आणि तिचं तोंड त्याच्या तोंडावर होतं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायची आजही लाज वाटते. मला वाटलं, ही बाई लेकराचा जीव शोषून घेतेय. हिची सात उगाच नाही जगली! मी किंचाळले, तिचा अंबाडा धरला आणि मागं ओढलं.

"चेटकीण! सोड! सोड त्याला!"

तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरून मला असं फेकलं, की माझं डोकं दाराच्या चौकटीवर आदळलं. बघते तर नंदाबाई. नऊ दिवसांची ओली बाळंतीण, उभी राहताना जिला भिंत धरावी लागायची ती. माझ्याशी ती आयुष्यात कधी डोळा वर करून बोलली नव्हती.

"हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. ओरडली नाही. नुसती म्हणाली.

सोनूबाईनं माझ्याकडं बघितलंही नाही. ती पुन्हा वाकली. एक बारीक फुंकर. थांबली. दोन बोटांनी छाती चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. पुन्हा फुंकर. मी चौकटीला टेकून बघत होते. लेकराच्या छातीवर माझ्या पट्टीचे वळ होते. लाल, एकाखाली एक, बराबर चार-चार बोटांवर. जावळ घामानं चिकटून गेलेलं. ओठ जांभळे. एवढ्याशा जिवाला एवढा घाम येतो हे मी पहिल्यांदा बघत होते, कारण आजवर मी गुंडाळलं की झाकलं, आणि झाकलं की बघितलंच नव्हतं.

मग तो खोकला. मांजराच्या पिलाचा यावा तसा आवाज आला. मग तोंड वाकडं केलं, आणि रडला.

सोनूबाई मागं सरून बसली. नंदाबाईनं बाळाला उचललं नाही. ती त्याच्याशेजारी बसून पदरानं वारा घालत राहिली आणि तो जसा रडत होता तसा तिचा चेहरा उजळत होता.

"साळूबाई आल्ती माझ्याकडं," सोनूबाई धापा टाकत म्हणाली. "नंदाबाईनं इचारलं म्हणं, कंबरेची चमक उतरली का. म्हणलं, कसली चमक? म्हणून आले बघाय. आले तर हे." तिनं राखेतल्या कापडाकडं बोट केलं. "कुणी बांधलं गं असं?"

"मी," मी म्हणाले. "रोजच बांधते."

"आन् तोंडावरनं?"

"वारं लागू नये म्हणून."

"वारंच तर पायजे त्याला!" ती ओरडली. "आन् ती आधीची दोन? त्यायला कुणी बांधल्तं?"

नंदाबाईचा वारा घालणारा हात थांबला.

सोनूबाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला उत्तर मिळालं. लगेच तिचा आवाज खाली आला. "न्हाई गं झुंबर," ती घाईघाईनं म्हणाली, "त्यायचं त्यायला ठावं. सटवाईनं लिवलेलं कुणाला पुसता येतं?" तिला माझी दया आली होती. जिचा अंबाडा मी उपटला तिला माझी दया यावी, हे मला चौकटीपेक्षा जास्त लागलं.

मला सगळं एकदम आठवायला लागलं, आणि नको नको म्हटलं तरी थांबेना. पहिला मुलगा, वैशाखातला. धोतराचं बाळुतं, गोधडी, पट्टी, मी. मुलगी, पौषातली. थंडी म्हणून दोन गोधड्या, पट्टी, गाठ पाठीखाली, मी. दोघांच्याही तोंडावरचं टोक मीच खोचलं होतं. दोघांचंही मीच सोडलं होतं, आणि ते कापड आतून ओलं होतं. मी त्याला लाळ म्हटलं होतं. सटवाई दर खेपेला न्हाणं झाल्यावरच कशी येते, हे मला एकदाही कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

"तुला ठावं होतं?" मी नंदाबाईला विचारलं.

"सपन पडलंच न्हवतं, आक्का," ती बाळावरून नजर न काढता म्हणाली.

ही काय बोलतेय ते मला कळेना.

"सटवाई-बिटवाई कुणी आल्ती न्हाई. पोरीच्या वक्ताला मी तुमाला सांगितलं, आक्का, हिला दम लागून राह्यलाय, जरा सैल करा. तुमी म्हणलात, तुझ्या हाताला यश न्हाई, तू हात लावू नको. मंग मी कुणाचं नाव घ्यावं? माझं तुमी ऐकत न्हवता. तिचं तरी ऐकाल म्हणलं." तिनं आवंढा गिळला. "तिचं बी आर्धंच ऐकलंत."

मी म्हणाले होते तसं. शब्द न् शब्द. तुझ्या हाताला यश नाही.

सोनूबाईनं मग लुगड्याचा एकच तुकडा घेतला आणि नंदाबाईला दाखवलं. बाळाचे हात छातीपाशी दुमडून तसेच राहू दिले, पाय बेडकासारखे मोकळे सोडले, कापड खांद्याखालून नुसतं लपेटून कडेला खोचलं. आत दोन बोटं घालून फिरवून बघितली. पट्टी नाही, गाठ नाही, तोंड उघडं. शेगडी तिनं उचलून बाहेर ठेवायला लावली. मला ते गुंडाळणं गबाळं वाटलं असतं, तासाभरापूर्वी. लेकरानं त्यातून एक हात बाहेर काढला आणि तसाच झोपला. नंदाबाईनं सोडून पुन्हा एकदा स्वतः गुंडाळून बघितलं. मी दारात उभी होते. ये कुणी म्हणालं नाही, जा असंही कुणी म्हणालं नाही. मीच निघाले.

बारशाला तीन दिवस होते. मी घरातून हलले नाही. आता रामकिसन येईल, अंगणात उभा राहून मला शिव्या घालेल, म्हणून वाट बघत बसले. दुसऱ्या दिवशी तो आला, तो हसत हसत.

"आक्का, येत का न्हाईस? नंदा म्हणली तुला बरं न्हाई. काढा धाडलाय तिनं."

तिनं सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. मी तिचं नाव पाणवठ्यावर नेऊन धुतलं, आणि माझं नाव तिच्या हातात आलं तेव्हा तिनं ते झाकून ठेवलं. मी भावाच्या हातातल्या तांब्याकडं बघत राहिले.

"आन् ते जांबवाल्यायला कळवून टाक जल्दी," तो जरा लाजत म्हणाला, "वाट बघू नका म्हणावं. आन् नाव दगडूच ना?"

दगडूच ठरलं होतं. ज्याच्या आधीची गेली त्याचं नाव दगडू, धोंडू, नाहीतर उकिरडा ठेवतात, म्हणजे मरणाला वाटावं हे टाकाऊ आहे, कशाला न्यायचं? मी त्याला बघू म्हणाले.

बारशाच्या दिवशी घर बायकांनी भरलं. घुगऱ्यांची पातेली आली, पाळणा सजला. बाळ पाळण्याखालून-वरून द्यायचं घ्यायचं झालं आणि नंदाबाईनं त्याला आत निजवलं. अंगावर सोनूबाईच्या लुगड्याचा एक पदर, बस्स. मग आत्याला हाक झाली. आत्या मीच, दुसरं कोण? लोकांनी वाट करून दिली.

"नाव सांगायच्या आधी एक सांगायचंय," मी म्हणाले.

बायका हसल्या. त्यांना वाटलं आत्या आता साडीसाठी अडून बसणार.

"ह्याच्या आधीची दोन सटवाईनं न्हाई नेली. ती मी मारली. आवळून, तोंड झाकून, माझ्या ह्या हातानं. नंदाबाईच्या कुशीत खोट न्हवती. मी गावभर बोलले ते सगळं खोटं व्हतं."

कुणाच्या तरी हातातली घुगऱ्यांची वाटी पडली आणि घरंगळत गेली. ओसरीवरच्या पुरुषांचं बोलणं थांबलं, तेव्हा मला कळलं की रामकिसननंही ऐकलं. भिंतीशी उभी असलेली साळूबाई तोंडाला पदर लावून मटकन खाली बसली. पाठीखालची गाठ तिनं माझ्याकडून शिकून आणखी किती घरांत मारली होती, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. ते तिच्या डोळ्यांत दिसलं.

मी पाळण्यावर वाकले. दगडू म्हणवेना. मरणाला फसवायची आता गरज राहिली नव्हती, ह्या घरातलं मरण कोण होतं ते सगळ्यांना कळलं होतं. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं आणि म्हणाले, "बद्रीनाथ."

आत्यानं कानात नाव सांगितलं की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. गमतीचे असतात ते. खिदळत, एकीवर एक पडत मारतात, आत्या खोटं खोटं कळवळते. मी पाठ पुढं करून वाकलेलीच राहिले. एकही हात उठला नाही. एवढ्या बायका, आणि बांगडीचा आवाज नाही.

मग पाठीत एक बसला. तो गमतीचा नव्हता. माझा श्वास कोंडला, पाळण्याची दोरी हातातून सुटली, डोळ्यांपुढं काजवे चमकले. मान वळवायची गरज नव्हती. नंदाबाई माझ्या मागंच उभी होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. पाळण्यात बद्रीनाथ दचकला आणि रडायला लागला.

मी सरळ झाले नाही. लेकरं दोन होती. मी दुसऱ्या धपाट्याची वाट बघत तशीच वाकून उभी राहिले.